गाडी चालवताना मोबाइल: या विषयावर गेम बनवतेय, मदत हवी आहे

अर्धा_कप_चहा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या सत्रात एक शैक्षणिक गेम करायचा आहे आणि विषय मी स्वतःच निवडलाय: गाडी चालवताना मोबाइल. खेळणारे नववी ते बारावीचे. म्हणजे लायसन्स अजून नाही, पण घरची ॲक्टिव्हा सोसायटीच्या आवारात फिरवून झालीये अशी मुलं.

आत्तापर्यंत झालंय ते असं. वरून दिसणारा रस्ता, त्यावर दुचाकी, बोटाने डावी-उजवीकडे सरकवायची. मध्येच कोपऱ्यात मेसेज उगवतो, "कुठे आहेस?" तीन उत्तरांतलं एक पाच सेकंदांत निवडायचं. दिलं तर गुण, नाही दिलं तर मित्र रुसतो. धडकलात की खेळ खलास आणि पडद्यावर वाक्य येतं, 'वाहन चालवताना मोबाइल वापरू नका'. गोडो (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) वापरतेय, कारण फुकट आहे आणि माझ्या लॅपटॉपला झेपतं.

वर्गातल्यांना खेळायला दिला. आवडला. पण सगळे एकच सांगतात, "पुढची लेव्हल अवघड कर, अजून मेसेज टाक." खरं तर हे ऐकून बरं वाटायला हवं, पण काहीतरी खटकतंय आणि नेमकं काय ते हाताला लागत नाहीये. गेम बनवणारे, गाडी शिकवणारे, शिक्षक, पालक, जाणकारांनी प्रकाश टाकावा.

गतिरोधक

खटकतंय ते बरोबर खटकतंय. तुझा गेम खेळून मुलगा काय शिकतो ते बघ. पहिल्यांदा धडकला, नंतर जरा लांब गेला, आणि थोड्या वेळाने मेसेज आणि रस्ता दोन्ही सांभाळायला लागला. म्हणजे सराव केला की जमतं! शेवटचं वाक्य काहीही म्हणो, बोटांना मिळालेला धडा बरोबर उलटा आहे.

इयन बोगोस्ट नावाचे गेमचे अभ्यासक आहेत. गेम आपला मुद्दा शब्दांतून नाही, नियमांतून मांडतो असं त्यांचं म्हणणं आहे. गुण कशाला मिळतात आणि कशाने कापले जातात, तोच तुझा निबंध. सध्या तुझ्या गेममध्ये मेसेजला उत्तर दिलं की गुण मिळतात. म्हणजे निबंधाचं शीर्षक झालं 'चालत्या गाडीवर चॅटिंग कसे करावे'. (हलकेच घ्या.)

शिवाय नुसत्या वेगाच्या गेमचाही परिणाम होतो. २००७ साली जर्मनीतल्या काही मानसशास्त्रज्ञांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यात रेसिंग गेम खेळून उठलेल्या तरुणांनी लगेच नंतरच्या वाहतूक-प्रसंगांत जास्त धोका पत्करला होता. तेव्हा 'गेम आहे, काय बिघडतंय' असं म्हणून सोडून देऊ नकोस.

आगाऊ_कार्टा

एवढा विचार कशाला? धडक झाली की रक्त दाखवा, हाडं मोडल्याचा आवाज टाका. पोरं घाबरली पाहिजेत. काम तमाम.

गुर्जी_नववी_ब

@आगाऊ_कार्टा, तुम्ही कधी पंधरा वर्षांच्या मुलांना मोबाइलवर अपघात बघताना पाहिलंय का? मी रोज मधल्या सुट्टीत पाहतो. गाडी उडाली की टाळ्या पडतात. मग "ए, परत कर, परत कर" सुरू. धडक ही गेममधली सगळ्यात मजेदार गोष्ट असते. जितकी भडक कराल तितकी ती बक्षीस ठरते. मुलं मुद्दाम जाऊन ट्रकवर आपटतील.

आणि जे खरोखर हळवे असतात ते घाबरून गेम बंद करतात. नुसती भीती घातली आणि 'मग मी करू काय' याचं उत्तर हातात दिलं नाही, तर माणूस विषयच टाळतो. वाहतूक सप्ताहात शाळेत दाखवतात त्या चित्रफितींचं मी वर्षानुवर्षं हेच होताना बघतोय.

बे_एरियाची_मावशी

इथे न्यूयॉर्क टाइम्सने २००९ साली अगदी याच विषयावर एक छोटा गेम संकेतस्थळावर टाकला होता. मॅट रिक्टेल यांची चालकांच्या विचलित होण्यावरची वृत्तमालिका होती, तिला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं, त्या मालिकेसोबतचा. समोरून फाटकं येतात, सांगितलेल्या फाटकातून गाडी न्यायची. आधी नुसतं हे करायचं, मग हेच करताना मेसेजला उत्तरं द्यायची. शेवटी तुमचीच दोन्ही वेळची प्रतिक्रिया समोरासमोर मांडून दाखवायचे, किती उशीर झाला ते.

त्यात दुसऱ्या कुणाला हरवायचं नव्हतं. तुलना तुमची तुमच्याशीच. तुझ्या गेममध्ये ही अर्धी बाजू नाहीच: मेसेज नसताना हाच मुलगा कसा चालवतो, याची कुठे नोंदच नाही.

अर्धा_कप_चहा

गतिरोधक, डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गुर्जी, तुमचं 'परत कर' वाचून हसू आलं, कारण आमच्या वर्गातही तेच झालं, आणि आम्ही विशीतले!

मावशी, दोन फेऱ्यांची कल्पना घेते. पण एक शंका आहे. तसं केलं तरी मुलं सरावाने दुसऱ्या फेरीतला फरक कमी करत नेतीलच ना?

डोळस

नेतील. कारण तुझ्या पडद्यावर रस्ता आणि मेसेज एकाच वेळी दिसतात. खऱ्या गाडीवर तसं नसतं. नजर खाली गेली की रस्ता गेला.

माझं काम या विषयाच्या जवळपासचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. जॉन सेंडर्स नावाच्या संशोधकांनी १९६०च्या दशकात अमेरिकेत एक अचाट प्रयोग केला. डोक्यावर हेल्मेट, त्याला झडप. ती झडप ठरावीक वेळाने डोळ्यांवर पडायची, आणि हे गृहस्थ चालू हायवेवर गाडी चालवत होते. रस्ता किती वेळ न बघता चालवता येतं, ते मोजायला. २०११ साली त्यांना इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीदार बक्षीस) मिळालं, सार्वजनिक सुरक्षेचं! हसण्यासारखं आहे खरं, पण त्यातूनच झडपेची पद्धत पुढे रुजली आणि गाडीतले पडदे-बटणं तपासायला ती आजही वापरतात.

तुला हीच झडप हवी आहे. मेसेज उघडला की तो पूर्ण पडदा व्यापेल. मागे रस्ता चालूच राहील, पण दिसणार नाही. मेसेज मिटवला की रस्ता परत, तोवर पुढे सरकलेला. चाळीसच्या वेगाने सेकंदाला ११ मीटर जातात, म्हणजे जवळपास एक अख्खी एसटी. पाच सेकंदांचा मेसेज म्हणजे एकामागे एक उभ्या पाच एसट्या आंधळेपणाने पार करणं. हे सांगू नकोस, होऊ दे.

व्हर्जिनिया टेकच्या वाहतूक संस्थेने शंभर गाड्यांत कॅमेरे बसवून केलेला अभ्यास २००६ साली आला. त्यात नजर दोन सेकंदांहून जास्त हटली की धडकेचा किंवा थोडक्यात वाचण्याचा धोका किमान दुप्पट होत होता. म्हणून मेसेजची लांबीसुद्धा विचार करून ठरव. "ओके" वाचायला अर्धा सेकंद, पण काकूंचा सुप्रभात वाला फॉरवर्ड...

झाडावरचा_मुंजा

> काकूंचा सुप्रभात वाला फॉरवर्ड

तो स्वतंत्र लेव्हल ठेवा. शेवटची. त्यातून कुणीच जिवंत बाहेर येणार नाही.

मंदगती

सगळे महत्त्वाचे मुद्दे आले, पण मला वाटतं मूळ अडचण अजून कुणी मांडलेली नाही.

खऱ्या आयुष्यात गाडीवर मेसेज वाचला तर बहुतेक वेळा काय होतं? काहीच नाही. माणूस मेसेज वाचतो, अंगठा दाखवतो आणि सुखरूप घरी जाऊन जेवतो. हे रोज होतं, म्हणूनच सवय लागते. पंधरा वर्षांच्या मुलाने बाबांना हेल्मेटमध्ये फोन खोचून बोलताना शेकडो वेळा पाहिलेलं असतं आणि बाबा ठणठणीत असतात. अशा मुलाला तुम्ही 'मेसेज उघडला की धडक' असा गेम दिलात तर त्याला पहिल्या मिनिटाला कळतं की हा गेम खोटं बोलतोय. मग तुमची बाकीची खरी माहितीही तो त्याच पोत्यात टाकणार.

तेव्हा गेमने खरं बोलावं. मेसेज वाचूनही बहुतेक वेळा घरी पोचू द्यावं. आणि घरी पोचल्यावर तोच प्रवास पुन्हा दाखवावा, या वेळी झडपेशिवाय. 'तू हा मेसेज वाचत होतास तेव्हा समोर हे होतं.' उभ्या रिक्षाच्या आडून बाहेर पडलेली मुलगी, तिने स्वतःच मागे घेतलेलं पाऊल. उलट्या बाजूने आलेला दुधवाला, ज्याने शेवटच्या क्षणी हँडल वळवलं. तू वाचलास ते दुसऱ्यांनी तुला वाचवलं म्हणून. रस्त्यावरच्या या उपकारांची आपल्याला कधी खबरच लागत नाही, कारण त्या वेळी आपण खाली बघत असतो.

धडक कधीतरीच व्हावी, आणि झाली तर आवाज बंद, पडदा बंद, सुरुवातीचं पान. गुर्जींच्या टाळ्यांना जागाच ठेवू नये.

गतिरोधक

+१००. मंदगती, हा प्रतिसाद वेगळा लेख म्हणून टाका राव.

सोनचाफा

वाखूसा (वाचनखूण साठवली). वाचून कसंतरीच झालं. मीही सिग्नलला थांबले की फोन काढते आणि सिग्नल सुटला तरी वाक्य पूर्ण करते.

कलम_१८४

कायद्याची बाजू थोडक्यात. २०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४मध्ये वाहन चालवताना हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात स्पष्टपणे घातलं आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते पाच हजारांपर्यंत दंड किंवा कैद, किंवा दोन्ही. २०२०मध्ये नियमांत बदल झाला. आता फक्त रस्ता शोधण्यासाठी फोन वापरता येतो, तोही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणजे गेममध्ये नकाशा गुन्हा म्हणून दाखवू नका, ते चुकीचं होईल.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुमचे खेळाडू नववी-बारावीचे. सोळाव्या वर्षी परवानगी मिळते ती ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला, आणि ॲक्टिव्हा ११० सीसीची. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर कलम १९९अ खाली पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड होऊ शकतो, आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स मिळत नाही. मोबाइलवर जनजागृती करताना नववीच्या मुलाला आयती गाडी हातात देऊ नका. निदान गेममधला चालक तरी अठराच्या पुढचा ठेवा.

हिशेबनीस

विदा बघू या. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२च्या अहवालात देशभरात रस्ते अपघातांत १,६८,४९१ मृत्यू आहेत. त्यात मोबाइल वापरामुळे म्हणून नोंदलेले ३,३९५, म्हणजे दोन टक्के. अतिवेगाच्या खात्यात सत्तर टक्क्यांहून जास्त. मग मोबाइलवर एवढा खटाटोप कशाला, असं कुणीतरी विचारणारच.

माझं मत असं की हे दोन टक्के जपून वाचावेत. अपघातानंतर गाडी किती जोरात होती ते निदान चेपलेल्या पत्र्यावरून कळतं. चालकाचं लक्ष कुठे होतं ते कशावरून कळणार? फोन खिशात गेलेला असतो किंवा रस्त्यावर फुटलेला असतो. पंचनाम्याच्या रकान्यात 'अतिवेग' लिहिणं सोपं.

त्याच अहवालातलं अजून एक: मृतांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरचे. त्यामुळे दुचाकी निवडलीस हे उत्तमच. पण मग परदेशी अभ्यासांचे आकडे तसेच्या तसे उचलू नकोस. 'मेसेज टाइप करताना धोका २३ पट' हा आकडा सगळीकडे फिरतो. तो २००९चा, अमेरिकेतल्या ट्रकचालकांचा. सिंहगड रोडवरच्या स्कूटरला तो चिकटवता येणार नाही.

अर्धा_कप_चहा

धागा वर काढतेय. मधल्या काळात बरंच पाडून पुन्हा बांधलं.

झडप घातली. मेसेज आता पूर्ण पडदा व्यापतो. गुण सगळे काढून टाकले. चालक एकोणीस वर्षांचा, कॉलेजला जाणारा. आणि मंदगतींचं 'पुन्हा दाखवा' हा आता गेमचा गाभा झालाय. प्रत्येक प्रवासात रस्त्यावर काही माणसं ठेवली आहेत जी स्वतःहून बाजूला होतात. खेळताना ती दिसली तर ठीक, नाही दिसली तर प्रवास संपल्यावर दिसतात.

मैत्रिणीच्या धाकट्या भावाला आणि त्याच्या मित्रांना खेळायला दिला. पहिल्या प्रवासानंतर नेहमीचं, "हॅ, सोपा आहे." मग रीप्ले सुरू झाला आणि सगळे एकदम गप्प झाले. त्यातल्या एकाने विचारलं, "ती मुलगी आधीपासून होती?" तो पुढच्या प्रवासात मेसेज उघडेना. पण दुसरा होता तो म्हणाला, "मी कानात ब्लूटूथ घालतो, मला काय फरक पडतो!" याला काय उत्तर देऊ? हातही मोकळे, डोळेही रस्त्यावर. झडप तर इथे लागू होत नाही.

डोळस

अगदी योग्य प्रश्न विचारला त्याने. या समजाला सुरुंग लावणारा पहिला मोठा अभ्यास १९९७चा, टोरोंटोचा. अपघात झालेल्या चालकांची फोन बिलं तपासली. फोनवर बोलत असताना धडकेचा धोका चौपट निघाला, आणि फोन हातात न धरता बोलणारेही त्यातून सुटले नाहीत.

मग युटा विद्यापीठातल्या डेव्हिड स्ट्रेयर यांनी कारण शोधलं. सिम्युलेटरमध्ये रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक लावले आणि चालकांच्या नजरेचा माग ठेवला. फोनवर बोलणाऱ्यांनी फलकांकडे थेट बघितलेलं होतं, तरी नंतर विचारल्यावर ते त्यांना न बोलणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी ओळखता आले. डोळे उघडे, पण मन दुसरीकडे. फोन ठेवल्यावरही मन लगेच परत येत नाही. गाडीला तोंडी आज्ञा देण्याच्या सोयींवर २०१५ साली काम झालं, त्यात काहींचा परिणाम २७ सेकंदांपर्यंत रेंगाळत होता.

तुझ्यासाठी यात तयार लेव्हल आहे. खेळाडूला कॉल येऊ दे, आणि बोलणं असं हवं की डोकं चालवावं लागेल. "घरातल्या पाच जणांसाठी काय काय घेऊन येऊ सांग, आणि दोनशे रुपयांत बसव." गाडी त्याची नीट चालेल. प्रवास संपला की फक्त विचार: चौकातल्या फलकावर काय होतं? शाळेपाशी किती मुलं उभी होती? मग रीप्ले.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं वेगळं का, असं विचारतील. शेजारच्याला रस्ता दिसतो. ट्रक आडवा आला की तो आपोआप गप्प होतो. फोनवरचा बोलतच राहतो.

सोनचाफा

डोळस, तुमच्या या शेवटच्या वाक्यावर अडकले आणि तेव्हापासून तेच डोक्यात आहे. फोनवरचा बोलत राहतो, म्हणजे कोण? मी! मुलगा क्लासहून निघाला की मीच "कुठे पोचलास" विचारते. त्याने नाही उचलला तर लगेच पुन्हा लावते. नवऱ्याच्या ऑफिसमधून साहेबांचे फोन तो बाइकवर असतानाच येतात. धाग्यात सगळं चालकाबद्दल चाललंय, पण चालक एकटा फोनवर बोलत नाही ना.

चहाताई, नववीचा मुलगा गाडी चालवत नाही (चालवू नये!), पण फोन मात्र करतो. बाबांना करतो, क्लासला सोडायला येणाऱ्या दादाला करतो. त्याला त्या बाजूला बसवता येईल का? घरी बसलाय, नकाशावर बाबांचा ठिपका सरकतोय, भूक लागलीये, आणि हातात फोन आहे.

कलम_१८४

हे फारच उत्तम. माझा वयाचा आक्षेपही निकालात निघाला.

गुर्जी_नववी_ब

आणि मी म्हणत होतो ते 'मग मी करू काय' याचं उत्तरही. मुलाच्या हातात खरोखर असलेली गोष्ट. मागच्या सीटवर बसलेला असेल तर आणखी एक: "बाबा, फोन माझ्याकडे द्या, मी बोलतो." आमच्या वर्गातल्या मुलींना हे लगेच पटेल. मुलगे आधी आढेवेढे घेतील.

अर्धा_कप_चहा

सोनचाफा ताई, काय लिहिलंत! मी दोन दिवस फक्त याचंच स्केच करत होते.

आता असं ठरतंय. पहिला भाग चालकाचा, झडप आणि रीप्लेसह. दुसरा भाग घरातून. भूक वाढत जाते, मित्र आधीच खेळायला गेलेत, बाबांचा ठिपका नवले पुलाजवळ रेंगाळतोय. फोन लावायचा की नाही, एवढंच. फोन लावला तर बाबा उचलतात, हसून बोलतात, येतात. काही वाईट होत नाही. मग रीप्ले, या वेळी बाबांच्या बाजूने. सरांना दाखवलं, ते म्हणाले पहिला भाग छाटून टाक, दुसऱ्यावरच गेम कर. मला दोन्ही हवेत. पहिला खेळल्याशिवाय दुसऱ्यातला रीप्ले समजणार नाही असं वाटतं.

गतिरोधक

दोन्ही ठेव, पण पहिला एकाच प्रवासाचा कर. सरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे.

मालट्रक_प्रेमी

डेमो बघितला. कल्पना झकास, पण काही तपशील डोळ्यांत खुपतात. वाहनं उजवीकडून चालली आहेत! फुकटचा चित्रसंच अमेरिकेचा दिसतोय. पिवळी लांब नाकाची शाळेची बस, अष्टकोनी पाट्या, पदपथ रिकामे. हा रस्ता बघून पुण्याच्या मुलाला वाटणार, हे आपल्याबद्दल नाहीच. लाल एसटी, सहा आसनी टमटम, रंग न मारलेला गतिरोधक (आयडीवाला नव्हे), दुभाजकाच्या फटीतून येणारी बाइक, एवढं स्वतः काढ.

दुसरं, मेसेजमधली जोडाक्षरं फुटलीयेत. 'रस्त्यावर' पाय मोडून पडलंय. गोडो ३ वापरतेस का? त्यात देवनागरी नीट बसत नाही. २०२३च्या मार्चमध्ये ४ आलं, त्यात ही अडचण सुटलीये. प्रकल्प मोठा व्हायच्या आत हलव, नंतर जिवावर येतं.

अर्धा_कप_चहा

गोडो ३च आहे, हलवते. रस्ता डावीकडून केलाय, एसटी काढून झाली, टमटम अजून टमटम वाटत नाही, डुकरासारखी दिसते.

साध्या, जुन्या अँड्रॉइड फोनवर चाचणी हवी आहे. माझ्याकडे एकच फोन आहे. ज्यांच्याकडे ड्रॉवरमध्ये पडलेला असेल त्यांनी कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, फाइल पाठवते.

झाडावरचा_मुंजा

माझ्याकडे भरपूर जुना आहे. सुप्रभात लेव्हल असेल तरच तपासणार.

सोनचाफा

मी आणि लेकाने मिळून खेळलो. त्याच्या फोनवर दुसऱ्या भागातला रीप्ले आवाजाशिवाय सुरू होतो आणि बाबांचा ठिपका पुलाच्या खालून जातो, वरून नाही. फोनचं मॉडेल व्यनित कळवलंय.